एरिनीस वाचायच्या तर कुठून सुरुवात करावी?

ग्रीक पुराणकथांकडे नव्याने वळलेले लोक हमखास विचारतात, ‘एरिनीस म्हणजे सूडदेवता एकूण किती, त्यांची नावं काय?’ अलेक्टो, मेगाइरा, टिसिफोनी. झालं. ही नावं ना महाकवी होमरकडे सापडतात ना नाटककार एस्किलसकडे. ती मागाहून आली, त्यामुळे पाठ करत बसू नका.

माझं ऐकाल तर एस्किलसचं ‘युमेनिडीस’ आधी घ्या. हे इ.स.पू. ४५८ मधलं नाटक. आईचा खून करून ऑरेस्टीस डेल्फीच्या देवळात अपोलो देवाच्या आश्रयाला आलाय आणि त्याचा पाठलाग करणाऱ्या एरिनीस देवळातच चक्क घोरत पडल्यात! आईचं भूत येऊन त्यांना खडसावतं, तर त्या झोपेतच कण्हतात, ‘धर, धर’ म्हणून बरळतात. एवढा भाग सावकाश वाचा. पुढे खटल्यात ऑरेस्टीस विचारतो, आईने नवऱ्याला मारलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? उत्तर येतं, तो तिच्या रक्ताचा नव्हता. मला हा युक्तिवाद आजही अस्वस्थ करतो. मतं समसमान पडून ऑरेस्टीस सुटतो, पण देवी अथीना एरिनीसना हाकलत नाही. नाना परींनी समजूत घालून अथेन्समध्येच मानाची जागा देते.

मग होमरच्या इलियडकडे या. नवव्या सर्गात भावाच्या मृत्यूने पेटलेली मेलिआगर या वीराची आई जमिनीवर हात आपटत पोटच्या पोराला शाप देते आणि पाताळातली एरिनीस तो ऐकते. एकोणिसाव्यात मात्र ग्रीक योद्धा अकिलीसचा घोडा माणसासारखा बोलतो आणि एरिनीस त्याची वाचा बंद करतात. इथे कुठला आलाय सूड? म्हणून वाचताना वहीत टिपत जा: मर्यादा कोणी ओलांडली, गाऱ्हाणं कोणाचं.

एरिनीसच्या केसांतल्या सापांचं श्रेय प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस एस्किलसला देतो. अथेन्सच्या देवळातल्या मूर्तींत भीतीदायक काहीच नव्हतं, असंही तो नोंदवतो.

नेमेसिस या देवीला यांच्यात मिसळू नका. तिचा राग उन्मत्तांवर. तिचं देऊळ मॅरेथॉनजवळ ऱ्हाम्नूसला. पॉसेनिअस सांगतो, पर्शियन लोक विजयस्तंभासाठी संगमरवर आधीच बरोबर घेऊन आले होते, इ.स.पू. ४९० ला हरले आणि त्याच दगडातून नेमेसिसची मूर्ती घडली. त्या मूर्तीच्या डोक्याचा एक तुकडा ब्रिटिश म्युझियमकडे आहे.