पंखाच्या टोकातला लँडिंग लाइट आणि मे महिन्याचं ऊन

विमान उतरताना पुढची धावपट्टी उजळणारा हा दिवा हवेत असताना फारसा तापत नाही, वारा त्याची काळजी घेतो. तो जळतो जमिनीवर. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतच 43-44 अंश असतात. अशा वेळी विमान उन्हात थांबलंय आणि दिवा चालू आहे, असं धरूनच हिशेब करा.

घरी बांधलेल्या विमानाचं पंखटोक बहुधा फायबरग्लासचं असतं. ते ॲल्युमिनियमच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतं. शिवाय त्यातले धागे धरून ठेवणारं इपॉक्सी (राळ) भट्टीत भाजलेलं नसेल तर साठ-सत्तर अंशांतच मऊ पडू लागतं. म्हणून दिवा ज्यावर बसतो आणि जी त्याची उष्णता बाहेर टाकते, ती ॲल्युमिनियमची पट्टी फायबरग्लासला टेकवू नका. ती शेवटच्या ॲल्युमिनियम रिबला (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या फासळीला) जोडली तर उष्णतेला वाट मिळते. मात्र भार घेणाऱ्या रिबला आराखडा देणाऱ्याला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही.

100 वॅटचा हॅलोजन पुढची ॲक्रिलिक काचच भाजतो. एलईडीची उष्णता पुढे जात नाही, ती पाठीमागे साचते. 'एलईडी तापत नाही' हा गैरसमज इथूनच येतो. 30 वॅटच्या एलईडीतले साधारण 20 वॅट उष्णतेत जातात. स्थिर हवेत प्रत्येक चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाला 10 वॅट धरा. पट्टी भोवतालच्या हवेपेक्षा 30 अंशच वर जावी असं वाटत असेल, तर सुमारे 670 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग लागतो. म्हणजे 18 बाय 18 सेंटिमीटरची, दोन्ही बाजू मोकळ्या असलेली 3 मिलिमीटर जाड पट्टी. ती काळी ॲनोडाइझ (विजेच्या प्रक्रियेने काळा थर चढवून) करून घ्या, चकचकीत ॲल्युमिनियम किरणांनी फारशी उष्णता फेकत नाही. एलईडी आणि पट्टी यांच्यामध्ये लावायची उष्णतावाहक थर्मल पेस्ट अगदी पातळ लावा. ती फक्त खाचा भरण्यापुरती असते, जाड थर उलट आडकाठी करतो.

हा हिशेब हवा खेळती असेल तरच खरा. बंद पोकळीतली हवा स्वतःच तापत जाते. त्यामुळे खाली एक आणि वर, मागच्या अंगाला एक भोक ठेवा, दोन्हींना बारीक जाळी लावा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी पावसाळ्याआधीच मातीचं घर बांधून मोकळी होते.

काचेचे स्क्रू हा नवख्यांचा हमखास घोटाळा. 30 सेंटिमीटर लांब ॲक्रिलिक 50 अंशांच्या फरकाने सुमारे 1 मिलिमीटर वाढतं. 3 मिलिमीटरच्या स्क्रूला साडेचारचं भोक द्या, खाली रबरी वॉशर घाला आणि करकचून आवळू नका. तडा नेहमी भोकापासूनच सुटतो. थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) आणि थिनर दोन्ही काचेपासून लांब ठेवा.

ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला नेमका वीजपुरवठा करणाऱ्या सर्किटची, पेटी दिव्याच्या मागेच चिकटवू नका. तिच्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. पेटी रिबच्या आतल्या बाजूला, 105 अंशांच्या कॅपॅसिटरची घ्या. टोकात व्हीओआर (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचा) अँटेना असेल तर दिव्याची वायर शील्ड केलेली (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) हवी, नाहीतर दिवा लावताच रेडिओवर खरखर सुरू होते.

चाचणी टोक बंद करून, इंजिन बंद ठेवून, 14 व्होल्टच्या सप्लायवर करा. एलईडीशेजारी पट्टीवर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. पाच मिनिटांत एक अंशसुद्धा वाढत नसेल तेव्हा थांबा, बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो. डिसेंबरात 25 अंशांत चाचणी केली असेल तर मेमधल्या गरम हवेसाठी आलेल्या आकड्यात 20 मिळवा. बेरीज 85 च्या वर गेली तर पट्टी मोठी करा किंवा वॅट कमी करा. उन्हात उभं करताना काचेवर कापडी झाकण घाला: दिव्याची भिंगं सूर्यकिरण आतच एकवटतात, आणि तेव्हा दिवा बंद असूनही आतलं प्लास्टिक वितळू शकतं.