जर्मन पदकपट्टी आधी उलटी करून पाहा

जुनी जर्मन पदकपट्टी, म्हणजे एका पट्टीवर ओळीने शिवून बसवलेली पदकं, हातात आली की पदकं नंतर बघा, आधी तिची पाठ बघा. मागच्या कापडावरचं लेबल बहुधा पट्टी बांधून देणाऱ्या दुकानाचं असतं, पदकं घडवणाऱ्याचं नव्हे. इथेच बरेच जण फसतात. घडवणाऱ्याची खूण १९१४ च्या आयर्न क्रॉसवर (पहिल्या महायुद्धातलं जर्मन लष्करी पदक) असलीच तर फीत ओवायच्या वरच्या कडीवर, अगदी बारीक अक्षरांत; भिंग लावून कडी तिरप्या उजेडात फिरवा. लेबलवरच्या पत्त्यात शहराआधी चार आकडी पिनकोड असेल, तर ते १९६१ च्या आधीचं नाही. अतिनील टॉर्चखाली दोरा निळसर-पांढरा चमकला, तर शिवण मूळची नाही, नंतरची समजा. आणि कृपा करून लेबल उचकटू नका, मूळ शिवण एकदा उसवली की पुरावाच जातो.