प्लेस्टेशन २ नव्या टीव्हीला जोडताना: गुंता ४८०आयचा

प्लेस्टेशन २ (पीएस२) हा सोनीचा गेम कन्सोल आला २००० साली. त्याचे बहुतेक गेम ४८०आयमध्ये चालतात: चित्राच्या ४८० ओळींपैकी एका फेरीत विषम ओळी, पुढच्या फेरीत सम. काचेच्या नळीचा टीव्ही त्या तशाच दाखवायचा. सपाट पडद्याला मात्र अख्खं चित्र एकदम लागतं, म्हणून टीव्ही दोन फेऱ्या जुळवत बसतो. बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारतं आणि हलत्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, ते यामुळेच. स्केलर, म्हणजे कन्सोल आणि टीव्हीच्या मधे जोडायची पेटी, घ्यायचा तो हे काम टीव्हीच्या हातून काढून घ्यायला.

मूळची पिवळी-पांढरी-लाल केबल लगेच काढू नका. आधी तिच्यावरच कन्सोल सुरू करा, ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये जा आणि ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ला आरजीबीऐवजी ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’ निवडा. हे राहून गेलं, तर नव्या केबलवर रंग विचित्र येतात आणि लोक उगाच केबलला दोष देतात. मग कन्सोल बंद करून कंपोनंट केबल, म्हणजे चित्र तीन तारांतून नेणारी केबल, लावा. तिला पाच पिना असतात, त्यांत लाल दोन: एक चित्राची, एक उजव्या आवाजाची. निळी-हिरवीच्या जुडग्यातली लाल ती चित्राची.

पीएस२ ते एचडीएमआय असा छोटा स्वस्त अडॅप्टर म्हणजे स्केलर नव्हे. तो नुसता सिग्नल डिजिटल करतो. ४८०आय पुन्हा टीव्हीच्याच गळ्यात.

ओएसएससी हा एक खरा स्केलर. तो चित्र साठवून ठेवत नाही, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. पहिल्या प्लेस्टेशनच्या २४०पी (दर फेरीत त्याच २४० ओळी) गेमना तो उत्तम; ते गेम पीएस२वरही चालतात. ४८०आयवर मात्र तो प्रत्येक फेरीच्या ओळी नुसत्या दुप्पट करतो, म्हणून चित्र वरखाली थरथरतं आणि बारीक अक्षरं लुकलुकतात. रेट्रोटिंक ५एक्स हा दुसरा स्केलर स्थिर भागात दोन्ही फेऱ्या विणतो आणि फक्त हलता भाग वेगळा हाताळतो. मुख्यतः पीएस२ खेळणार असाल, तर ५एक्सच घ्या. परदेशातून मागवताना आयात शुल्काचा हिशेब आधी करा.

५एक्सवर आउटपुट १०८०पी ठेवा, डीइंटरलेसिंग (फेऱ्या जुळवायची पद्धत) ‘मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह’. टीव्हीवर गेम मोड चालू. बाजूच्या काळ्या पट्ट्या स्केलर स्वतःच सोडतो, म्हणून टीव्हीचा आकार १६:९ राहू द्या; तिथेही ४:३ केलंत तर माणसं काटकुळी दिसतील. ओएसएससी दुप्पट ओळींवर, म्हणजे ४८०पीवर (दर फेरीत अख्ख्या ४८० ओळी) असेल तेव्हा मात्र टीव्हीवरच ४:३ करा.

काही गेमना ४८०पी मूळचंच आहे. गेम लोड होताना त्रिकोण आणि एक्स दाबून धरा. सोय असेल तर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे ४८०पी, हवं का, असं विचारलं जातं. मग जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. पाल डिस्कवर (युरोप-भारताकडच्या ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीसाठीच्या) ही सोय बऱ्याचदा काढलेली असते. अशा डिस्कने ५० की ६० हर्ट्झ विचारलं तर ६० घ्या: हालचाल सुरळीत होते, शिवाय कंप्युटरचे बरेच मॉनिटर ५० हर्ट्झ घेतच नाहीत, पडदा काळाच राहतो.

पहिल्या प्लेस्टेशनचा गेम चालू असताना मेन्यू उघडल्यावर पडदा क्षणभर काळा झाला, तर केबल हलवू नका. काही गेम तिथे २४०पीवरून ४८०आयवर जातात आणि टीव्ही नवा सिग्नल पकडेपर्यंत थांबावं लागतं.