उघड्यावरच्या संसाराचे छायाचित्र घेताना

बेळगावला येणारा पर्यटक सहसा किल्ल्यातील कमल बस्ती, गोकाकचा धबधबा आणि सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर कॅमेऱ्यात भरून परततो. रेल्वे स्थानकाबाहेर, बसस्थानकाच्या परिसरात आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर जी माणसे राहतात, त्यांच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. शहराचे रोजचे जगणे टिपू पाहणाऱ्याने मात्र त्यांना चौकटीबाहेर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. त्यांच्या घराला दार नाही, म्हणून आत येऊ का हे विचारण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

आधी आपण कोणाला पाहत आहोत हे नीट समजून घ्या, कारण उघड्यावर झोपलेला प्रत्येक जण बेघर नसतो. मार्गशीर्ष आणि पौष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर तीन दगडांच्या चुलीवर नैवेद्य रांधणारी कुटुंबे यात्रा करून आपापल्या गावी परततात, आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांभोवती खोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांचे घरही दूर कुठेतरी असते. देवीच्या जोगव्याची परडी घेतलेल्या बाईला तर केवळ वेशावरून 'देवदासी' म्हणू नका. मुलींना देवाला सोडून देवदासी करण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ मध्ये कायद्याने बंदी घातली असून, असा चुकीचा शिक्का त्या बाईला आयुष्यभर पुरतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख लोक नोंदले गेले. रात्रीची वेळ योग्यच होती, कारण दिवसा हीच माणसे हमाल, भंगार वेचणारे किंवा हॉटेलात भांडी घासणारे म्हणून आपल्यासमोर वावरत असतात.

पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्या. त्याच टपरीवर चहा घ्या, अक्का, मामा, मावशी अशी हाक मारा, मराठी, कन्नड, उर्दू यांपैकी समोरच्याला जी भाषा जवळची असेल तिच्यात बोला आणि त्यांच्या दिवसाची वेळापत्रके समजून घ्या. नंतर परवानगी मागताना फोटो काढू का एवढेच विचारून थांबू नका. तो कुठे दिसणार, कोण पाहणार, चेहरा आणि नाव चालेल का, हेही सांगा आणि विचारा. एखादी आजी 'ब्याड' (कन्नडमध्ये 'नको') म्हणाली, तर विषय तिथेच संपतो. लांबून मोठ्या लेन्सने तिला टिपणे ही चोरीच होय. झोपलेल्या, नशेत असलेल्या किंवा भान हरपलेल्या माणसाला होकार देता येत नाही, म्हणून त्याचे छायाचित्र घेऊच नये.

मुलांबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र, नाव किंवा पत्ता प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एकटे, भेदरलेले मूल दिसले, तर कॅमेरा बाजूला ठेवून १०९८ वर फोन करा. प्रौढांच्या बाबतीतही नेमकी जागा जाहीर करू नका. कर्नाटकात १९७५ पासून भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, आणि भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीला निराश्रित केंद्रात नेता येते. तुमच्या छायाचित्रातील दुकानाची पाटी एखाद्याचा आसरा हिरावून घेऊ शकते. म्हणून पाटी चौकटीबाहेर ठेवा आणि फोनमधील लोकेशनची नोंद बंद करा.

तंत्राची बाजू त्या मानाने सोपी आहे. ३५ मिमीची लेन्स पुरते, कारण ती तुम्हाला माणसाजवळ बसायला लावते. फ्लॅश वापरू नका. पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० आणि शटरचा वेग १/१२५ सेकंद ठेवून पाहा. बाजारपेठेत दुकाने उघडण्यापूर्वीची वेळ सर्वांत बोलकी असते. चादरीची घडी सिमेंटच्या पोत्यात जाते, त्यावर ॲल्युमिनियमचा डबा सुतळीने आवळला जातो, आणि आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी शेवटी सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवली जाते. हे हात टिपा, आणि शेजारी झाडू मारणारी बाई, दूधवाला आणि कुलूप काढणारा दुकानदारही त्याच चौकटीत येऊ द्या, म्हणजे बेघर माणूस शहराच्या कामकाजाचा भाग म्हणून दिसेल.

छायाचित्राखालील मजकुरात 'बिचारा', 'लाचार' असे शब्द नकोत. तो काय काम करतो ते लिहा आणि छापण्यापूर्वी त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवा. फोटोच्या बदल्यात पैसे देऊ नका, कारण मग होकार हा होकार राहत नाही. त्याऐवजी छापील प्रत द्या. बेळगावचा पाऊस लक्षात घेऊन ती लॅमिनेट करा आणि शक्यतो आठवडाभरात पोहोचवा, कारण ही माणसे जागा बदलतात. प्रत पाहून कोणी नको म्हटले, तर फाइल फोनमधून, संगणकावरून आणि ऑनलाइन साठवणीतूनही त्याच दिवशी काढून टाका.