सोलापूरच्या उन्हाळ्यात खानावळीतलं अन्न कसं सांभाळावं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 40 अंशांच्या वर जातो. अन्न बिघडतं ते बहुतेक वेळा चुलीवरून उतरवल्यानंतर, म्हणून खरी काळजी तिथून पुढे घ्यायची.

5 ते 60 अंशांच्या मधल्या तापमानात जिवाणू वाढतात. ताटात वाढायचं अन्न 60 च्या वरच ठेवा: आमटीखाली मंद आच आणि पातेल्यावर झाकण. भाताकडे जास्त लक्ष द्या. त्यातल्या बॅसिलस सेरेअस या जिवाणूचे बीजाणू (बियांसारखे चिवट कण) शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि वासावरून ते कळतही नाही. त्यामुळे दुपारच्या डब्यांचा भात एकदम न लावता लागेल तसा दोन-तीनदा लावा.

उरलेलं ठेवायचंच असेल तर 60 वरून 21 अंशांवर 2 तासांत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या 4 तासांत यायला हवं. खोलीतच 38-40 अंश असताना नुसत्या पंख्याने हे कधीच होणार नाही. आमटी लहान पातेल्यांत ओता, पातेली बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, परातीखालीही बर्फाचं पाणी ठेवा, वाफ गेली की झाकून लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या वेळी पूर्ण उकळी किंवा वाफ आणून एकदाच वाढा. तरीही उरलं तर टाकून द्या, जीव हळहळला तरी.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवण टळत नाही. पिंपाला झाकण आणि तोटी हवीच, कारण तांब्या बुडवला की बोटंही बुडतात. भरण्याआधी तळाचा गाळ घासून काढा, नाहीतर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं. पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा.

भाकरी तव्यावर भाजली जाते, पण कांदा-लिंबू कच्चंच ताटात जातं. म्हणून ते कापणाऱ्याने पैशांना हात लावू नये. साबणाने 20 सेकंद हात धुवावेत, नखं कापलेली असावीत. मटण कापायची फळी आणि सुरी वेगळी. ती साबणाने धुतल्यावर 10 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं 20 मिली साधं, बिनवासाचं ब्लीच घालून त्यात बुडवा आणि वाळू द्या. पुसायचं फडकं रोज उकळा.

शेंगाचटणी कोरडी म्हणून टिकते, ओला चमचा गेला की बुरशी धरते. काळपट, सुरकुतलेले दाणे भाजण्याआधीच निवडून फेका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजून पूर्ण जात नाही. कडक भाकऱ्याही पूर्ण वाळल्याशिवाय रचू नका.

बोटाला पिकलेली जखम असेल तर त्या माणसाला अन्नाला हात लावू देऊ नका. जुलाब-उलट्या झालेल्याला त्या थांबल्यावर 48 तास सुट्टी द्या, आणि त्या सुट्टीचा पगार कापू नका. पगार कापला की आजार लपवला जातो.