‘ब्लेड रनर २०४९’ घरी बघायचा असेल तर

हा इंग्रजी विज्ञानपट मी पहिल्यांदा बघितला तो लॅपटॉपवर, भर दुपारी, पडदे सताड उघडे ठेवून. काळोख्या फ्रेममध्ये मला माझंच बनियन दिसत होतं. अर्ध्या तासात डोळा लागला. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाने असं करावं म्हणजे कमालच! त्यानंतर चारदा नीट बघितला, आणि आता मित्रांना बसवण्याआधी जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी १९८२चा मूळ ‘ब्लेड रनर’ बघून घ्या. त्याच्या बऱ्याच आवृत्त्या फिरतात. तुम्ही २००७ची ‘फायनल कट’ शोधा. ८२ साली थिएटरात लागलेल्या आवृत्तीत हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे आणि शेवट ओढूनताणून गोड केलाय. ती नंतर कधी तरी गंमत म्हणून बघा. मूळ गोष्ट घडते २०१९च्या लॉस एंजेलिसमध्ये, सीक्वेल तिथून तीस वर्षं पुढे. मधल्या काळावर तीन छोट्या फिल्म आहेत. त्यातली शिनिचिरो वातानाबेची ॲनिमेशनवाली ‘ब्लॅक आउट २०२२’ तेवढी बघा, बाकी दोन सोडल्या तरी चालतील.

आता टीव्ही. सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं, पण त्यात बहुतेक वेळा ‘मोशन’ हा शब्द असतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा; टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने भरतो आणि मग नायक रायन गॉसलिंग सासू-सुनेच्या मालिकेत आल्यासारखा चालायला लागतो. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणा. पहिली पाच मिनिटं सगळं पिवळट, मंद वाटेल. थांबा, डोळे सरावतात. ट्यूबलाइट बंद, देवघरातला लाल बल्ब टीव्हीत दिसत असेल तर तोही. (आमच्या घरी यावर वाद झाला. शेवटी टीव्हीच थोडा वळवला.)

संवाद पुटपुटल्यासारखे आणि हान्स झिमर व बेंजामिन वॉलफिश यांचं संगीत भांडी थरथरवणारं, त्यामुळे सबटायटल लावा आणि रिमोट हाताशी ठेवा. सिनेमा जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे. जेवून बसा, पण भात कमी खा. मधे उठायचंच असेल तर नायक लास वेगासला पोचण्याआधी उठा. तो एकदा त्या नारिंगी धुळीत शिरला की पॉज नको. २००९मध्ये सिडनीवर धुळीचं वादळ आलं होतं, त्यावरून तो रंग सुचलेला. आणि हो, मुलं झोपल्यावरच लावा, आईबाबांनाही शेजारी बसवू नका. इमारतीएवढ्या उघड्या बाईची जाहिरात रस्त्यात उतरते तेव्हा सगळेच छताकडे बघतात.

बघताना गोष्टीच्या मागे धावू नका, उजेड कुठून येतोय ते बघा. कॅमेरा रॉजर डीकिन्सचा. चौदाव्या नामांकनाला त्याला पहिलं ऑस्कर मिळालं, ते याच कामासाठी. सुरुवातीलाच शेतावरचं घर येतं. चुलीवर भांडं खदखदतंय, के नावाचा पोलीस, म्हणजे आपला नायक, अंधारात बसून राहिलाय, आणि घरधनी आत येऊन आधी हात धुतो. खोलीत जो काही उजेड आहे तो खिडकीतून येतो तेवढाच. मी असतो तर दोन सॉफ्टबॉक्स (फोटोवाल्यांचे ते मऊ उजेडाचे मोठे दिवे) लावून वाट लावली असती. पुढे वॉलेसच्या, म्हणजे कृत्रिम माणसं बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाच्या, दालनात उलटं: तिथे माणसं स्थिर आणि उजेडच चालतो. वर गोलाकार लावलेले दिवे क्रमाने पेटवत नेले की सूर्य खोलीभर फिरल्यासारखं वाटतं. तिथले वॉलेसचे संवाद मात्र प्रवचनासारखे लांबतात. खुशाल भिंतीवरच्या सावल्या बघत बसा.

एक जागा अजिबात चुकवू नका. गच्चीवर पाऊस पडतोय आणि जॉय, म्हणजे केच्या घरातली होलोग्रामची मुलगी, पहिल्यांदाच बाहेर येते. आधी थेंब तिच्या हातातून आरपार जातात. मग हळूहळू हातावर ‘साचायला’ लागतात; खरे नव्हेत, तिने स्वतःच रंगवलेले. दोघं जवळ येतात आणि तेवढ्यात ऑफिसचा मेसेज येतो. ती जागच्या जागी गोठते, ओठ अर्धवट उघडे. पाऊस पडतच राहतो. पहिल्या वेळी मला वाटलं इंटरनेट अडकलं. राउटर बंदचालू करायला मी उठलोसुद्धा होतो.

शेवटचं काम सुरू करण्याआधीचं: टीव्हीच्या जुन्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईने मॅच लावली आणि मला हाक मारली, “अरे, टीव्हीला कावीळ झालीये बघ.”