जुन्या पद्मिनीचं एअर इनटेक कसं सेट करायचं

प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन नवं होतं तेव्हाही जेमतेम ४० हॉर्सपॉवरचं, त्यामुळे इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, काहीतरी करून ती रॉकेट होईल अशी आशा सोडा. पण अडकलेला पिकअप मोकळा होतो आणि आयडलवरचं (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) थरथरणं जातं, हे नक्की.

मी सुरुवातीला काय केलं, तर ओरिजनल एअर फिल्टरचा डबा काढून कोनवाला फिल्टर लावला. आवाज भारी आला, ट्रॅफिकमध्ये मात्र गाडी जास्तच मरगळली, कारण तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढत होता. हवा साधारण १० डिग्री तापली की जवळपास ३ टक्के विरळ होते. म्हणून डबा परत लावा, फिल्टर नवा टाका आणि डब्याच्या तोंडाला पाइप जोडून तो ग्रिलजवळ न्या, फक्त फार खाली नको, नाहीतर पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिन पाणीच ओढून घेईल.

पण त्याच्याही आधी बघायचं ते गाडी कुठून फुकटची एअर घेतेय का, म्हणजे एखाद्या फटीतून फिल्टर चुकवून हवा आत शिरतेय का. माझ्या मिस्त्रीने दोनदा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून साफ केला, पैसे घेतले, मिसिंग म्हणजे इंजिनचं अडखळणं तसंच. शेवटी मीच गाडी आयडलवर ठेवून रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं टोक फॅनपासून लांब धरून कार्बोरेटरच्या बुडाभोवती फिरवलं, तर एका कोपऱ्यात बारीक सुस्कारा ऐकू आला. तिथे पाण्याचा हलका फवारा मारला तर आयडल क्षणभर बदललं. म्हणजे तिथलं गॅस्केट (सांध्यातली फट बंद ठेवणारी पातळ पट्टी) गेलेलं. तपासायला पेट्रोल किंवा क्लीनर मारत बसू नका, गरम एक्झॉस्टवर भडका उडेल. नवं गॅस्केट टाकताना दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, जोर लावलात तर बूड वाकतं आणि परत तेच.

आता मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. गाडी चांगली गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडा आहे ना बघा. मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत फिरवा, इंजिन अडखळायला लागलं की बाहेर फिरवत या, जिथे आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज एकसारखा होईल तिथे थांबा. मग आयडलचा स्क्रू कमी करून मिक्श्चर परत बघा, असं दोन-तीनदा करावं लागतं, कंटाळा करू नका.

मग हायवेला एक चक्कर मारा आणि गाडी थंड झाली की प्लग काढा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर जमलं, काळी काजळी म्हणजे रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), पांढरंफटक म्हणजे लीन (पेट्रोल कमी). हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर जुनी गाडी थोडी लीनच चालते. महाबळेश्वरला गेलात तर उलट, तिथली हवा विरळ असल्याने गाडी रिच होते, तिथे घाटात स्क्रू पिळत बसू नका, खाली उतरलात की आपोआप ठीक चालते.